वाचकांचे प्रश्न : लेखातील छायाचित्रे आणि त्यांची मांडणी

इंटरनेटवर मराठीतून नियमित लिहिणाऱ्या वाचकांची जी पत्रे या सदराकडे येतात, त्यांत मजकुरापेक्षा छायाचित्रांच्या अडचणीच जास्त असतात. त्यांतील काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरे देताना ब्लॉगर आणि वर्डप्रेस या ब्लॉग चालवण्याच्या दोन सेवा डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत, कारण पत्र लिहिणारे बहुतेक जण त्यांपैकीच एखादी वापरतात. या विषयातले माझे मत आधीच स्पष्ट सांगतो. छायाचित्र हा लेखाचाच भाग आहे, त्यामुळे ज्याच्या फोनला घाटातल्या गावात जेमतेम रेंज मिळते आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, अशा दोन्ही वाचकांपर्यंत ते पोहोचवणे ही लिहिणाऱ्याची जबाबदारी आहे.

प्रश्न : मी गडकिल्ल्यांवर लिहितो. एका लेखात वीस-पंचवीस छायाचित्रे असतात आणि लेख उघडायला फार वेळ लागतो अशी वाचकांची तक्रार आहे. चित्राचा कोपरा ओढून ते लहान करून पाहिले, पण फरक पडला नाही. संगणकावर लहान करून अपलोड केले, तर ते धूसर दिसते. नेमका किती आकार ठेवावा? — एक वाचक, नाशिक

उत्तर : छायाचित्र पानावर किती मोठे दिसते आणि त्याची फाइल किती जड आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोपरा ओढून चित्र लहान केले की बदलते ती मुख्यतः पहिली गोष्ट. फाइल मोठीच राहिली असेल, तर ती वाचकाच्या फोनवर पूर्ण उतरते आणि मग तिथे आक्रसून दाखवली जाते. आजच्या फोनचे 12 मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचे, म्हणजे तेवढ्या बारीक ठिपक्यांचे, असते आणि त्याचे वजन सहज 4 एमबीच्या घरात जाते. अशी पंचवीस छायाचित्रे मूळ आकारात ठेवली, तर आपला एक लेख वाचण्यासाठी वाचकाचा 100 एमबी डेटा खर्ची पडतो.

ब्लॉगर आणि वर्डप्रेस या दोन्ही सेवा मोठ्या चित्राच्या लहान प्रती आपणहून तयार करतात. वर्डप्रेस 2015 पासून वाचकाच्या पडद्याला साजेशी प्रत निवडण्याची सोय देते, आणि 2019 पासून 2560 पिक्सेलपेक्षा मोठे चित्र आले तर त्याची 2560 पिक्सेलांपर्यंत लहान केलेली प्रत करून ती वापरते. तरीही माझा आग्रह असा की, छायाचित्र अपलोड करण्यापूर्वीच लहान करावे. थीम, म्हणजे ब्लॉगचा तयार साचा, जुनी असली किंवा आपण ‘मूळ आकार’ हा पर्याय निवडला, तर सेवेची ही मदत मिळेलच असे नाही.

आता धूसरपणाविषयी. आपण चित्र बहुधा चारपाचशे पिक्सेलांपर्यंत खाली आणले असावे. फोनचा पडदा ब्राउझरच्या हिशेबात 360 पिक्सेल रुंद असला, तरी त्यावरचे प्रत्यक्ष ठिपके अनेकदा 1080 असतात, म्हणजे तिप्पट. पाचशे पिक्सेलांचे चित्र तेवढ्या ठिपक्यांवर ताणले की कडा विरघळतात. म्हणून आडव्या छायाचित्राची रुंदी 1600 पिक्सेल आणि उभ्याची 1200 पिक्सेल ठेवावी. मूळ चित्रातील 1 कोटी 20 लाख पिक्सेलांऐवजी 1600 बाय 1200 मध्ये 19 लाख 20 हजार उरतात, म्हणजे एक षष्ठांशाहूनही कमी, आणि तरी फोनवर किंवा लॅपटॉपवर काही कमी पडल्याचे जाणवत नाही.

त्यानंतर चित्र जेपीईजी या नेहमीच्या फाइल-प्रकारात साठवताना गुणवत्तेचा आकडा विचारला जातो. तो 75 ते 85 च्या दरम्यान ठेवावा, पण सगळ्या चित्रांना एकच आकडा लावू नये. पावसाळ्यात गड हिरवागार असतो, तेव्हा गवताच्या प्रत्येक पात्याचा तपशील चित्रात असतो आणि अशी फाइल त्याच गुणवत्तेला दुप्पटतिप्पट जड होते. उन्हाळ्यातले निरभ्र आकाश आणि त्यासमोरचा बुरूज मात्र फारच थोड्या जागेत मावतो. हिरवळीच्या चित्राला 70 पर्यंत खाली आणले तरी डोळ्यांना सहसा कळत नाही. आकाशाच्या चित्रात मात्र तेवढ्यावर रंगाचे पट्टे दिसू लागतात. स्क्वूश हे मोफत साधन ब्राउझरमध्येच चालते आणि मूळ चित्र व लहान केलेले चित्र शेजारी-शेजारी ठेवून फरक दाखवते. फोटो फारच जास्त असतील, तर गिम्पसारखे सॉफ्टवेअर संगणकावर ठेवावे. प्रत्येक वेळी मूळ फाइल उघडूनच नवी प्रत काढावी, कारण लहान केलेले जेपीईजी पुन्हा उघडून पुन्हा साठवले की त्याचा दर्जा आणखी घसरतो.

डीपीआयचा, म्हणजे एका इंचातल्या ठिपक्यांच्या संख्येचा, प्रश्नही आपण पत्रात ओझरता विचारला आहे. संकेतस्थळासाठी 72 आणि छपाईसाठी 300 हा नियम ब्राउझरच्या बाबतीत निरर्थक आहे. छपाईत एका इंचात किती ठिपके बसवायचे ते ठरवावे लागते, म्हणून तिथे तो आकडा लागतो. ब्राउझर तो वाचत नाही; तो फक्त पिक्सेल मोजतो.

प्रश्न : घरातली जुनी मोडी कागदपत्रे मी लिप्यंतरासह प्रसिद्ध करतो. काही चित्रांत अक्षरांभोवती राखाडी डाग दिसतात. आयफोनने काढलेली काही छायाचित्रे तर वाचकांना उघडतच नाहीत. जेपीईजी, पीएनजी, वेबपी यांपैकी काय वापरावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : जेपीईजी हे मानक 1992 साली छायाचित्रांसाठी तयार झाले. ते चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील जमेल तेवढा गाळून टाकते. चेहरा, डोंगर, ढग अशा हळूहळू बदलणाऱ्या रंगांत हे खपून जाते. पांढऱ्या कागदावरचा काळा फराटा मात्र एकाच चौकोनात टोकाचे दोन रंग आणतो, आणि गाळणी जास्त झाली की त्या चौकोनात फराट्याच्या आजूबाजूला धुरकट लहरी उमटतात. तेच आपल्याला डाग म्हणून दिसत आहेत.

असे असूनही मोडी कागदपत्रांसाठी मी पीएनजी सुचवणार नाही. पीएनजी काहीच गाळत नाही, आणि जुन्या कागदाचा पोत, त्याचे पिवळेपण, घडीच्या खुणा हे सगळे जसेच्या तसे ठेवायचे म्हटले की फाइल प्रचंड होते. आपण जेपीईजीच वापरावे आणि गुणवत्ता 90 च्या पुढे न्यावी. पीएनजी राखून ठेवावे ते संगणकाच्या पडद्याच्या चित्रासाठी, आलेखासाठी आणि सपाट रंगांच्या आकृतीसाठी. वेबपी हा गूगलने 2010 मध्ये आणलेला प्रकार दोन्ही कामे करतो आणि बहुधा जेपीईजीपेक्षा हलका पडतो. आजचे सर्व प्रमुख ब्राउझर तो दाखवतात, त्यामुळे आपली सेवा तो स्वीकारत असेल तर निःशंकपणे वापरावा. बोधचिन्हासारखी रेखाकृती असेल तर एसव्हीजी उत्तम, कारण ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही.

आयफोन 2017 पासून छायाचित्रे एचइआयसी या प्रकारात साठवतो, आणि सफारी सोडले तर बहुतेक ब्राउझर तो प्रकार दाखवत नाहीत. फोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडले की पुढची छायाचित्रे जेपीईजीमध्ये येतील.

आपल्या कामाविषयी आणखी एक सुचवावेसे वाटते. पूर्ण कागदाचे एकच चित्र स्तंभाच्या रुंदीत टाकले, तर मोडीतला एकही शब्द लागत नाही. पूर्ण कागद संदर्भासाठी द्यावा आणि त्याला मोठ्या प्रतीचा दुवा जोडावा. शिवाय चारपाच ओळींचा जवळून घेतलेला तुकडा वेगळा द्यावा आणि त्याच्या लगेच खाली त्याच ओळींचे लिप्यंतर मजकूर म्हणून लिहावे. मोडी शिकणाऱ्याला एक ओळ वर आणि तीच ओळ खाली अशी ताडून पाहता आली, तर आपल्या श्रमांचा उपयोग कितीतरी वाढेल.

प्रश्न : संगणकावर माझे पान नीटनेटके दिसते, परंतु मोबाइलवर काही चित्रे उजवीकडे पानाबाहेर जातात आणि काही ठिकाणी चित्राशेजारी एकेका शब्दाची उभी रांग लागते. वाचताना मजकूर अचानक खाली उडी मारतो, हेही लक्षात आले आहे. — एक वाचक, ठाणे

उत्तर : या तीन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

चित्र बाहेर जाते, कारण त्याची रुंदी ठाम पिक्सेलांत लिहिलेली असते. ब्लॉगरमध्ये ‘थीम’, ‘कस्टमाइझ’, ‘ॲडव्हान्स्ड’, ‘ॲड सीएसएस’ या वाटेने, आणि वर्डप्रेसच्या जुन्या धाटणीच्या थीममध्ये ‘कस्टमाइझ’खालच्या ‘ॲडिशनल सीएसएस’ या रकान्यात, लेखातील सर्व चित्रांसाठी सीएसएसचा, म्हणजे पान कसे दिसावे ते ठरवणाऱ्या भाषेतला, दोन ओळींचा नियम लिहावा : ‘मॅक्स-विड्थ’ 100 टक्के आणि ‘हाइट’ ऑटो. दुसरी ओळ विसरू नये. ती नसली की रुंदी आटते, उंची तशीच राहते आणि माणसे काठीसारखी लांब दिसतात. ब्लॉगरमध्ये चित्रओळ दिलेली चित्रे तरीही बाहेर जात असतील, तर त्याचे कारण असे की, चित्रओळ दिली की ब्लॉगर ते चित्र एका तक्त्यात बसवतो आणि तक्ता चित्राबरोबर फुगतो. त्या तक्त्याची रुंदी 100 टक्के आणि ‘टेबल-लेआउट’ फिक्स्ड केले की तो आवरतो.

एकेका शब्दाची रांग लागते, कारण चित्र डावीकडे किंवा उजवीकडे सरकवून मजकूर त्याच्या बाजूने वाहवला आहे. छापील मासिकात ही रचना सुंदर दिसते आणि संगणकाच्या रुंद पडद्यावरही शोभते. फोनवर स्तंभच सव्वातीनशे पिक्सेलांचा असतो. त्यातले दोनशे चित्राने घेतले आणि थोडे समासाने, तर मजकुराला शंभराच्या आसपास उरतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटत असल्याने ‘किल्ल्यावरच्यासारखेच’ असा एकच शब्द अख्खी ओळ अडवतो. माझा सल्ला असा की, चित्र नेहमी मध्यभागी, पूर्ण रुंदीत, दोन परिच्छेदांच्या मध्ये ठेवावे, आणि ज्या परिच्छेदात त्याचा उल्लेख आहे त्याच्या लगेच नंतर ठेवावे. मध्यभागी आणण्यासाठी स्पेस बारने जागा सोडणे किंवा रिकाम्या ओळी टाकणे हे उपाय दुसऱ्या पडद्यावर हमखास विसकटतात. संपादकातले संरेखनाचे बटण त्यासाठीच आहे.

मजकूर उडी मारतो तो चित्र उशिरा पोहोचल्यामुळे. ब्राउझरला चित्राची लांबी-रुंदी आधी माहीत नसली, तर तो जागा राखून ठेवत नाही, आणि चित्र आले की खालचे सगळे ढकलतो. पानाच्या एचटीएमएलमध्ये चित्रासाठी जी खूण असते, तिच्यात रुंदी आणि उंची हे दोन्ही आकडे लिहिलेले असले, तर आजचे ब्राउझर त्यांच्या गुणोत्तरावरून जागा आधीच राखतात. हे आकडे आणि वर सांगितलेला सीएसएसचा नियम एकमेकांच्या आड येत नाहीत, म्हणून ते पुसू नयेत.

प्रश्न : ‘ऑल्ट टेक्स्ट’ या रकान्यात काय लिहावे? त्याने गूगलवर लेख वर येतो असे ऐकल्यामुळे मी तिथे ‘मोदक, उकडीचे मोदक, मोदक रेसिपी’ असे शब्द लिहिते. तसेच साहित्याची यादी मी सुंदर अक्षरांतील चित्र करून देते. हे योग्य आहे का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण मराठी संकेतस्थळांवर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहिलेला रकाना हाच आहे.

दृष्टिहीन वाचक फोनवर टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर आणि संगणकावर एनव्हीडीए किंवा जॉज यांसारखे वाचक-सॉफ्टवेअर वापरतात. ते पानावरचा मजकूर मोठ्याने वाचते आणि चित्र आले की ‘ऑल्ट’मधला मजकूर वाचते. ही सोय एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या 1995 च्या मानकापासून आहे. रकाना कोराच सोडला आणि ती खूणच लिहिली गेली नाही, तर अनेकदा हे सॉफ्टवेअर फाइलचे नाव वाचू लागते : आयएमजी, अंडरस्कोर, दोन, शून्य, दोन, चार… अशा आकड्यांतून ऐकणाऱ्याला काय मिळणार? आपण लिहिता ते तीन शब्दप्रयोग त्याहून फारसे वेगळे नाहीत. मोदकाची कृती सांगणाऱ्या लेखात प्रत्येक चित्रापाशी ‘मोदक, उकडीचे मोदक, मोदक रेसिपी’ हेच ऐकावे लागले, तर पायऱ्यांमधला फरक कळत नाही. चित्राशी संबंध नसलेले शब्द त्या रकान्यात कोंबू नयेत, असे गूगलचेही मार्गदर्शन आहे.

आपल्या लेखातले कळ्या पाडण्याचे चित्र उदाहरणादाखल घेऊ. तिथे असे लिहिता येईल : ‘अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पारीची कड धरून पाडलेल्या कळ्या, वाटीच्या मध्यावर सारण दिसते आहे आणि कड तळापेक्षा पातळ आहे.’ बोटे कुठे धरायची आणि पारी कशी असावी, हे डोळस वाचकाला ज्या चित्रातून कळते, ते इतरांना या वाक्यातून कळेल. मोदकपात्राच्या चित्रासाठी ‘हळदीच्या पानावर थोडी जागा सोडून मांडलेले मोदक’ एवढे पुरे. ‘हे छायाचित्र आहे’ असे सुरुवातीला लिहू नये, कारण ते सॉफ्टवेअर स्वतःच सांगते. मजकुराच्या शेवटी जी केवळ शोभेची वेलबुट्टी असते, तिच्यासाठी ‘ऑल्ट’ची खूण ठेवून तिच्यातला मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा. मग ती वगळली जाते. एक किंवा दोन वाक्ये हे प्रमाण ठीक आहे.

चित्रओळ आणि ‘ऑल्ट’ यांत गल्लत होऊ नये. चित्रओळ सर्वांना दिसते आणि तिने चित्रात न दिसणारी माहिती द्यावी : ठिकाण, प्रसंग, वर्ष, छायाचित्रकाराचे नाव. चित्रात दिसते ते ‘ऑल्ट’ने सांगावे. राजगडाच्या लेखात ‘सुवेळा माचीवरील नेढे’ ही चित्रओळ झाली. ‘कड्याच्या माथ्याजवळ आरपार भोक असलेला खडक, भोकात बसलेली दोन माणसे आणि त्यांच्या मागे दरी’ हे ‘ऑल्ट’ झाले. दोन्हींकडे तेच वाक्य चिकटवले, तर ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकावे लागते.

पानाची भाषाही सेटिंग्जमध्ये मराठी असली पाहिजे. ब्लॉगरमध्ये ‘सेटिंग्ज’खाली आणि वर्डप्रेसमध्ये ‘जनरल सेटिंग्ज’मध्ये तो पर्याय मिळतो. भाषा इंग्रजी राहिली, तर वाचक-सॉफ्टवेअर देवनागरी मजकूर चुकीच्या आवाजात वाचण्याची शक्यता असते.

आता साहित्याच्या यादीविषयी. युनिकोड ही सर्व संगणकांवरची समान अक्षरव्यवस्था रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत दिसे, म्हणून मराठी मजकूर चित्र करून टाकण्याची पद्धत पडली. तेव्हा तिला कारण होते. आज ते उरलेले नाही. चित्रातली यादी ऐकता येत नाही, निवडून कुणाला पाठवता येत नाही, फोनवर मोठी केली तर बाजूला सरकवत वाचावी लागते, आणि पानावर शोध घेतला तर त्यात ‘गूळ’ सापडत नाही. आपल्याला सुबक अक्षर हवे असेल, तर मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहे. तो थीममध्ये बसवावा आणि यादी मजकुरातच लिहावी. कविता चित्र करून टाकणाऱ्या सर्व मित्रांनाही माझी हीच कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : छायाचित्राखाली ‘गूगलवरून साभार’ असे लिहिले म्हणजे पुरते ना? मी लेख फुकट देतो, त्यातून काही कमावत नाही. — एक वाचक, मडगाव

उत्तर : पुरत नाही. गूगल त्या छायाचित्राचा मालक नाही. ते कुठे आहे एवढेच तो दाखवतो. त्यामुळे ज्याने ते काढले त्याचे नाव तर येत नाहीच, शिवाय आभार भलत्याचेच मानले जातात. ‘सौजन्य : इंटरनेट’ याचीही तीच गत आहे.

भारतीय कॉपीराइट अधिनियम, 1957 प्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. मोबदला देऊन कुणाकडून काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी काढून घेणाऱ्याची. हक्क छायाचित्र काढल्याबरोबर निर्माण होतो. नोंदणीची अट नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रांनाही कर्त्याच्या हयातीनंतर 60 वर्षे संरक्षण आहे. आपण लेखातून कमावत नाही, एवढ्याने परवानगीची गरज संपत नाही.

उपाय मात्र सोपे आहेत. पहिला, स्वतः काढावे. चौकात कायमचा उभारलेला पुतळा आपण छायाचित्रित करून प्रसिद्ध केला, तर कायद्याच्या 52 व्या कलमाने त्याला मुभा दिली आहे. त्याच पुतळ्याचे दुसऱ्याने काढलेले छायाचित्र मात्र त्याचे असते. दुसरा, विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संग्रहात शोधावे, किंवा गूगलच्या चित्रशोधात ‘टूल्स’ आणि मग ‘युसेज राइट्स’मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे ठरावीक अटींवर वापराची मुभा देणारे परवाने, निवडावे. तिसरा, छायाचित्रकाराला पत्र लिहून विचारावे. पुष्कळ जण आनंदाने होकार देतात, आणि मराठी लेखासाठी कुणी विचारले याचे त्यांना अप्रूपही वाटते.

कॉमन्सवरचे चित्र म्हणजे बिनशर्त चित्र नव्हे. ‘सीसी बाय-एसए 4.0’ असा परवाना असेल, तर छायाचित्रकाराचे नाव, मूळ पानाचा दुवा आणि परवान्याचे नाव व दुवा द्यावाच लागतो. आपण ते कापले किंवा रंग बदलले असतील, तर तसे नमूद करावे लागते, आणि ते बदललेले चित्र त्याच परवान्याखाली द्यावे लागते. चित्रओळीत हे सगळे एका ओळीत मावते. राजा रविवर्मा यांच्यासारख्या चित्रकाराची गोष्ट वेगळी : त्यांचे निधन 1906 साली झाले, त्यामुळे त्यांची चित्रे केव्हाच सार्वजनिक मालकीची झाली आहेत. तरीसुद्धा चित्रकाराचे नाव आणि चित्र कुठून घेतले ते लिहिणे हा आपल्या वाचकाचा हक्क मानावा.

प्रश्न : वर्डमध्ये लेख तयार करून ब्लॉगवर चिकटवतो. मला चित्रे दिसतात, इतरांना दिसत नाहीत. काही जुन्या लेखांतली चित्रेही नाहीशी झाली आहेत. — एक वाचक, नागपूर

उत्तर : चिकटवताना चित्राऐवजी आपल्या संगणकावरच्या फाइलचा पत्ता लेखात गेला असावा. तो पत्ता आपल्याच संगणकावर सापडतो, म्हणून आपल्यापुरती समस्या नाही. वर्डमधून फक्त मजकूर आणावा, तोही साधा मजकूर म्हणून, आणि चित्रे एकेक करून ब्लॉगच्या स्वतःच्या बटणाने अपलोड करावीत. जुनी चित्रे बहुधा फेसबुक किंवा गूगल फोटोज यांच्यावरून चित्राचा पत्ता उचलून लावलेली असतील. असे पत्ते काही काळाने निकामी होतात. मूळ फाइली शोधून पुन्हा अपलोड करण्यावाचून त्याला उपाय नाही.

फाइलीच्या नावांविषयीही आपण विचारले आहे. देवनागरी नाव चालते, पण इंटरनेटच्या पत्त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, नऊ अक्षरी संकेतात बदलते. ‘राजगड’ या पाच चिन्हांचे 45 होतात. लांब नावे सर्व्हरवर अडकतात आणि पाठवताना दुवे तुटतात. म्हणून नाव रोमन लिपीत, लहान अक्षरांत, शब्दांमध्ये आडवी रेघ देऊन ठेवावे, आणि मराठी वर्णन ‘ऑल्ट’मध्ये लिहावे.

प्रश्न : मी सह्याद्रीतल्या फुलांवर लिहिते. छायाचित्रातून ठिकाण कळते असे ऐकले. हे खरे आहे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : खरे आहे. फोनच्या कॅमेऱ्याला स्थानाची परवानगी दिलेली असेल, तर अक्षांश-रेखांश छायाचित्राच्या फाइलमध्ये एक्झिफ या नोंदीत लिहिले जातात, आणि फाइल उतरवून घेणारा कुणीही ते वाचू शकतो. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवताना ही नोंद गळून पडते; डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर राहते. ब्लॉगवर अपलोड करताना ती पुसली जाईलच, असे गृहीत धरू नये.

आपल्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे. कंदीलपुष्पाच्या काही जाती सह्याद्रीतल्या मोजक्याच कड्यांवर उरल्या आहेत, आणि झाड कुठे आहे हे कळले की कंद उकरून नेणारे तिथवर पोहोचतात. घुबडाचे किंवा गरुडाचे घरटे असेल, तर तिथे छायाचित्रकारांची गर्दी होते. म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमधून स्थान बंदच ठेवावे. आधी काढलेल्या छायाचित्रांसाठी विंडोजमध्ये फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि तळाशी ‘रिमूव्ह प्रॉपर्टीज अँड पर्सनल इन्फर्मेशन’ निवडावे. आयफोनवर छायाचित्र पाठवताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘लोकेशन’ बंद करता येते. चित्रओळीतही दुर्मीळ जातींसाठी गावाचे किंवा कड्याचे नाव न देता केवळ जिल्ह्याचे नाव द्यावे, आणि पार्श्वभूमीत ओळखू येणारा सुळका किंवा मंदिराचा कळस असेल, तर तेवढा भाग कापून मगच छायाचित्र अपलोड करावे.